कच्चं मडकं आणि पावणेनऊची ऊब

मराठवाड्यात ‘धर्मांतर’ म्हटलं की आधी १९५६ आठवतं. १४ ऑक्टोबर, नागपूर, आणि मग गावोगावच्या वस्त्यांनी मिळून घेतलेला निर्णय. आणखी मागे गेलं तर जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव आणि ते वसवणारे नारायण शेषाद्री. दोन्हीकडे माणूस एक धर्म सोडून दुसऱ्यात गेला. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मेथडिस्टांच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच उभ्या राहिलेल्या एका जागृतीच्या चळवळीच्या, सभांमध्ये जे घडत होतं ते याहून वेगळं. तिथे कुणी धर्म बदलत नव्हतं. ऐकणारे जवळपास सगळे बाप्तिस्मा झालेले, आणि सांगणारा जॉन वेस्ली तर १७२८ पासून चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पाळक. म्हणून इथे ‘धर्मांतर’ हा शब्द बाजूला ठेवून आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले शब्द घेतलेले बरे: मनपरिवर्तन, नवा जन्म. वारकऱ्याला ‘अनुताप’ म्हटलं की पुष्कळसं कळेल.

या विषयावर लिहिणारे बहुतेकजण एका संध्याकाळपाशी थांबतात. २४ मे १७३८, लंडनमधला ऑल्डर्सगेट रस्ता. वेस्ली अगदी नाखुशीने एका बैठकीला गेला. तिथे कुणीतरी बायबलातल्या रोमकरांस पत्राला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयाला एक अनोखी ऊब जाणवली आणि पापं खरोखर गेली अशी खात्री वाटली, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. दरवर्षी हा दिवस साजरा होतो. मला मात्र त्या संध्याकाळच्या अलीकडचं आणि पलीकडचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

अलीकडचं आधी पाहू. वेस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. ऑक्सफर्डमध्ये १७२९ पासून भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांबरोबर त्याचा एक गट होता. बुधवारी आणि शुक्रवारी उपास, तुरुंगात कैद्यांच्या भेटी, दिवसाच्या तासातासाचा हिशेब. ‘मेथडिस्ट’ हे तिथलंच चिडवण्यासाठी पडलेलं नाव. मग १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत जायला निघाला. २५ जानेवारी १७३६ रोजी समुद्रात वादळ झालं, इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि जहाजावरचे मोरेवियन पंथाचे जर्मन लोक शांतपणे स्तोत्रं गात होते. आपल्याला मरणाची भीती वाटते आणि यांना वाटत नाही, ही बोच तेव्हापासून त्याच्या मनात राहिली. जॉर्जियात लग्नाचा विचार होता ती सोफी हॉप्की दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली, वेस्लीने तिला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) नाकारलं, खटला उभा राहिला आणि १७३७ च्या डिसेंबरात त्याला तिथून निघून यावं लागलं. नियम पाळून झाले होते, परदेशी सेवा करून झाली होती, आणि हाती काही लागलं नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ च्या एडिंबरोतल्या व्याख्यानांत अशा माणसाला ‘दुभंगलेला’ म्हटलं. त्याची मांडणी थोडक्यात अशी: एक मन एकीकडे ओढतं, दुसरं दुसरीकडे. माणूस जोर लावून दोन्ही जुळवायला बघतो आणि जितका जोर लावतो तितका थकतो. आतल्या आत काहीतरी शिजत असतं, ते त्याला स्वतःलाही कळत नाही. मग थकव्याच्या टोकाला तो जोर सोडतो, आणि सोडताक्षणी ते शिजलेलं वर येतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं एका क्षणात झाल्यासारखं दिसतं. वेस्लीला हे वर्णन बऱ्यापैकी लागू पडतं. ‘मनपरिवर्तन हे पौगंडावस्थेतलं प्रकरण’ हा मानसशास्त्रज्ञ स्टारबकचा १८९९ मधल्या प्रश्नावल्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र इथे बसत नाही.

आता पलीकडचं. त्याच बैठकीत, ऊब जाणवल्यावर लगेच, वेस्लीच्या मनात शंका आली: ही श्रद्धा असेल तर आनंद कुठाय? घरी गेल्यावर पुन्हा मोहांचा मारा. पुढचे काही दिवस मन जड. आणि ४ जानेवारी १७३९ रोजी, म्हणजे साडेसात महिन्यांत, त्याने लिहिलं की मी आज ख्रिस्ती नाही.

हे का झालं? पीटर बोलर या तरुण मोरेवियनाने त्याला शिकवलं होतं की खरी श्रद्धा आली की खात्री, शांती आणि आनंद एकदमच येतात. साचा आधी मिळाला, अनुभव नंतर आला, आणि अनुभव साच्यात पूर्ण बसेना. मग माणूस साच्यावर शंका न घेता स्वतःवर घेतो. ज्याला पहिल्याच वारीत ‘विठ्ठल भेटेल’ असं सांगून पाठवलं आणि भेटले फक्त पायाचे फोड, त्याची अवस्था काहीशी अशीच होते. वेस्लीने हा साचा पुढे स्वतःच मोडला. श्रद्धेला पायऱ्या असतात हे त्याने मान्य केलं. १७७० च्या दशकात रोजनिशीची नवी आवृत्ती काढताना ‘अमेरिकेत इतरांना वळवायला गेलो तेव्हा मीच वळलो नव्हतो’ या आपल्याच जुन्या वाक्याखाली त्याने टीप घातली, की याबद्दल मला आता खात्री नाही. तेव्हाही माझ्यात दासाची श्रद्धा होती, पुत्राची नव्हती, असंही त्याने जोडलं. आपल्याच साक्षीला खाली टीप घालणारे धर्मपुरुष फार सापडत नाहीत.

दास आणि पुत्र हा भेद त्याच्या वाढीच्या नकाशाचा कणा आहे. नकाशात तीन अवस्था आहेत. पहिलीतला माणूस झोपलेला: भीती नाही आणि प्रेमही नाही, स्वस्थ चाललंय. दुसरीतला जागा झालेला, पण नियमाच्या दडपणाखाली. चांगलं काय ते कळतं, करायला जमत नाही, आणि भीती खाते. तिसरीतला कृपेखाली आलेला: भीतीची जागा प्रेमाने घेतलेली. त्यानंतर पवित्रीकरणाचा, म्हणजे मन आणि वागणं पवित्र होत जाण्याचा, लांब पल्ला. यात बिघडतं ते बहुतेक दुसऱ्या अवस्थेत, आणि दोन तऱ्हांनी. उपदेशक घाईघाईने दिलासा देतो, जखम वरून भरते आणि आत तशीच राहते. नाहीतर तो नुसता नियमच हाणत राहतो आणि माणूस निराशेत रुततो. वेस्लीने १७५१ मधल्या एका पत्रात यासाठी जवळजवळ वैद्यासारखं प्रमाण सांगितलंय. नव्या गावी गेल्यावर आधी देवाचं प्रेम सगळ्यांसाठी आहे हे सांगावं, मग नियम कडक शब्दांत सांगावा आणि त्यात सुवार्ता, म्हणजे क्षमेचा संदेश, अधूनमधून थोडी मिसळावी. लोक जागे होऊ लागले की सुवार्तेचं प्रमाण वाढवत न्यावं, पण घाई करू नये.

आता ज्या गोष्टीमुळे मेथडिस्टांची टिंगल झाली तिच्याकडे येतो. एप्रिल १७३९ पासून ब्रिस्टलमध्ये वेस्ली उघड्यावर उपदेश करू लागला आणि लोक कोसळू लागले. किंचाळणं, थरथरणं, जमिनीवर गडबडा लोळणं. जत्रेत अंगात आलेलं पाहिलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. वेस्लीने काय केलं हे बघण्यासारखं आहे. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला त्याने अशा प्रत्येकाची स्वतः चौकशी केली. सगळे निरोगी निघाले. आधी कुणालाही फिट येत नव्हती. प्रत्येकाला ते अचानक झालं होतं, वचन ऐकताना किंवा ऐकलेल्यावर विचार करताना. कुणाला तलवार आरपार गेल्यासारखं वाटलं, कुणाला छातीवर ओझं आल्यासारखं.

त्याच न्यूकॅसलमध्ये त्याच वर्षी चार्ल्सने जे केलं त्याला मी नकळत झालेला प्रयोगच म्हणेन. काही बायका नेमक्या त्याच्या समोर उभ्या राहायच्या आणि कोण जास्त मोठ्याने ओरडतं याची जणू चढाओढ चालायची. एका रात्री त्याने सुरुवातीलाच जाहीर केलं: जो माझा आवाज बुडेल इतकं ओरडेल, त्याला कुणीही दुखावणार नाही, बोल लावणार नाही, फक्त अलगद उचलून खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवेल. त्या रात्री उचलणाऱ्यांना एकही काम पडलं नाही. यावरून ओरडणारे सगळे ढोंगी होते असं ठरत नाही. शरीर खरंच प्रतिसाद देतं, पण कसा द्यायचा हे ते आजूबाजूच्यांकडून आणि समोर कोण बघतंय यावरून शिकतं. जॉनचं मत भावापेक्षा मवाळ होतं: काही देवाकडून, काही निसर्गाने, काही सैतानाने मागून घुसवलेलं.

१९५७ मध्ये विल्यम सार्जंट या मानसोपचारतज्ज्ञाने हे सगळं पावलोव्हच्या कुत्र्यांशी जोडलं. भीतीचा ताण मेंदूला मोडेपर्यंत द्यायचा, मग नवी समजूत आत घालायची. वाचायला चटकदार आहे, पण अपुरं आहे. मोडलेला मेंदू नवी समजूत घेईल हे क्षणभर मान्य केलं तरी ती वीस वर्षं कशी टिकली याचं उत्तर त्यात नाही. शिवाय सगळेच काही मैदानात कोसळून वळले नाहीत. चार्ल्सला २१ मे १७३८ रोजी, जॉनच्या तीन दिवस आधी, शांती मिळाली ती आजारपणात, बिछान्यावर.

टिकण्याचं उत्तर पैशाच्या एका अडचणीत सापडतं. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. १५ फेब्रुवारी १७४२ च्या बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही झेपणार नाही. फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, कुणाला जमलं नाही तर त्याची पेनी मी घालीन. अकरा आणि तो एक, असे बारा. ‘क्लास’ तो हा. पेनी गोळा करायला घरोघर गेलेले पुढारी परत येऊन सांगू लागले की अमका पितो, तमक्याचं बायकोशी पटत नाही. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला इतके दिवस जे हवं होतं ते हेच.

आपल्याकडच्या बचत गटातल्या बायांना हे समजावून सांगावं लागणार नाही. शंभर रुपये भरायला बसलेली बैठक तिसऱ्या महिन्यात नवऱ्याच्या दारूवर आणि सुनेच्या दुखण्यावर कशी येते, हे त्यांना ठाऊक असतं. ठराविक दिवस, छोटी रक्कम, वहीत नाव. कबुली द्यायला बोलावलं असतं तर कुणी आलं नसतं.

घरोघर जाण्याची पद्धत फार चालली नाही. वेळ खूप जाई. जे लोक दुसऱ्याच्या घरी नोकर होते त्यांच्याशी एकट्याने बोलणं मालकाला चालत नसे. आणि दोघांत गैरसमज असला तर दोघांना समोरासमोर बसवावं लागे. म्हणून बाराही जण आठवड्यातून एकदा एका जागी जमू लागले. पुढारी आधी स्वतःबद्दल बोले, मग एकेकाला विचारी. सभासद होण्याची अट एकच: देवाच्या येणाऱ्या क्रोधापासून सुटण्याची इच्छा. मनपरिवर्तन झालेलं असलंच पाहिजे अशी अट नव्हती, आणि या योजनेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट मला हीच वाटते. माणूस आधी आत येई, वळे तो नंतर, आणि पुष्कळदा त्या बाराजणांतच. इच्छा खरी आहे की नाही हे वागण्यावरून पाहायचं. त्यासाठी १७४३ चे तीन नियम: वाईट करू नये, जमेल ते भलं करावं, उपासनेची साधनं सोडू नयेत.

जे वळले होते त्यांच्यासाठी याहून लहान ‘बँड’ असत. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, लग्न झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही वेगळे. नियम १७३८ च्या डिसेंबरातले. वेळेवर यायचं, प्रार्थनेने किंवा गाण्याने सुरू करायचं आणि प्रत्येकाने ओळीने बोलायचं. गेल्या बैठकीपासून जाणूनबुजून कोणतं पाप केलं? कोणता मोह झाला? त्यातून कसा सुटलास? पाप आहे की नाही अशी शंका असलेलं काही बोललास किंवा केलंस का? आत घेण्याआधीच विचारलं जाई की तुझ्या चुका तुला स्पष्ट, वर्मी लागतील अशा सांगाव्यात अशी तुझी इच्छा आहे का. पुन्हा घसरलेल्यांसाठी वेगळा गट होता. घसरणाऱ्याला दुसरी जागा ठेवली नाही तर तो एकतर खोटं बोलतो किंवा यायचं बंद करतो. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दर तीन महिन्यांनी तपासणी होऊन नवं तिकीट मिळे. ज्याला काढायचं त्याला तिकीट मिळत नसे. चारचौघांत अपमान नाही, नुसतं तिकीट नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमेळ्यात एकेकाचं डोकं वाजवलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा इथे आठवते. नामदेवांशी विठ्ठल बोलत होता, म्हणजे ‘ऊब’ होतीच. भाजणं बाकी होतं, आणि त्यासाठी त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं.

न्यूकॅसलच्या त्याच मार्च १७४३ मधल्या तपासणीचे आकडे वेस्लीने लिहून ठेवलेत. ६४ जणांना काढलं. त्यात दारूसाठी १७, खोटं बोलण्याच्या सवयीसाठी ३, बायकोला मारल्याबद्दल १, आळसासाठी १. आणि सगळ्यांत जास्त, २९, निव्वळ हलगर्जीपणासाठी. कुठल्याही एका मोठ्या पापासाठी काढलेल्यांपेक्षा हळूहळू ढिले पडलेले जास्त. आपणहून सोडून गेलेले ७६. त्यांची कारणं तर मानसशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवावीत अशी आहेत. पाळकांनी प्रभुभोजन नाकारलं म्हणून १४, आईबापांना नको होतं म्हणून १२, नवऱ्याला किंवा बायकोला नको म्हणून ९, लोक हसतात म्हणून ९, गरिबांना मिळणारी मदत बंद होईल म्हणून ३. एक बाई आपल्यालाही फिट येईल या भीतीने गेली. दोघे, एक विशिष्ट माणूस मंडळात आहे म्हणून गेले. एकजण म्हणाला, देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे. तत्त्वासाठी गेलेले शोधावे लागतात. लॉफलंड आणि स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की नव्या पंथात माणूस टिकतो तो मुख्यतः आतल्या नात्यांमुळे आणि बाहेरची नाती सैल झाल्यामुळे. न्यूकॅसलच्या यादीत त्याची उलटी बाजू दोनशे वर्षं आधी लिहिलेली आहे.

आणि क्लास नसले तर? वेस्लीच्या रोजनिशीतली २५ ऑगस्ट १७६३ ची, वेल्समधल्या पेंब्रोकशरबद्दलची नोंद: वीस वर्षं तिथे भरपूर उपदेश झाला, पण नीट मंडळं नाहीत, शिस्त नाही, एकमेकांशी जोडणी नाही. परिणाम, एकदा जागे झालेल्या दहांपैकी नऊ आता पूर्वीपेक्षा गाढ झोपलेत.

या व्यवस्थेचा तोटाही होता आणि तो तिच्या ताकदीतूनच यायचा. बारा जणांत दर आठवड्याला बसलं की माणूस इतरांची भाषा उचलतो. पुढची पायरी कशी दिसते हे दुसऱ्याच्या साक्षीतून कळतं, आणि मग आपली साक्षही तशीच निघते. लंडनमध्ये पूर्ण पवित्रीकरण झाल्याचं सांगणारे ६५२ जण वेस्लीला आढळले. सगळ्यांनी, एकही अपवाद न होता, ते एका क्षणात झाल्याचं सांगितलं. वीसांतला एक जरी हळूहळू झालं म्हणाला असता तरी मी त्याच्यापुरतं ते मानलं असतं, असं तो लिहितो. त्याला एकमत हा पुरावा वाटला. आजचा संशोधक नेमका तिथेच थबकेल: ६५२ पैकी ६५२ ही संख्या अनुभवाबद्दल कमी आणि ऐकलेल्या साक्षींबद्दल जास्त सांगते. त्याच वातावरणात जॉर्ज बेल नावाच्या अनुयायाने २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जग बुडणार असं जाहीर केलं. वेस्लीने उघड विरोध केला. जग बुडालं नाही, पण बरेच सभासद गेले.

साचेबंद साक्षीवर बरा उतारा गाण्यांत होता. चार्ल्सने सहा हजारांहून अधिक गीतं लिहिली. १७८० च्या संग्रहातली ५२५ गीतं भक्ताच्या अवस्थेनुसार लावलेली आहेत: शोक करणाऱ्यांसाठी, आनंदातल्यांसाठी, झगडणाऱ्यांसाठी, जागणाऱ्यांसाठी, दुःख सोसणाऱ्यांसाठी, घसरून परत आलेल्यांसाठी. ज्याला साक्ष देण्यासारखं काही नाही त्यालाही म्हणायला गाणं होतं. तुकोबांच्या गाथेत करुणेचे अभंग काढले तर काय उरेल याचा विचार केला की या मांडणीची किंमत कळते.

२७ जून १७६६ ला वेस्लीने चार्ल्सला पत्र लिहिलं. त्यातले काही शब्द लघुलिपीत आहेत. मी देवावर प्रेम करत नाही, कधी केलंच नाही, असं तो त्यात म्हणतो. वय जवळपास ६३, ऑल्डर्सगेटला २८ वर्षं झालेली. कुणी याला नैराश्य म्हणेल, कुणी ढोंग उघडं पडलं म्हणेल. मला ते अशा माणसाचं पत्र वाटतं ज्याची ऊब कधीच विझली होती आणि आठवड्याचा नेम चालू होता. त्याच पत्रात तो हेही लिहितो की याहून वेगळा उपदेश करण्याचं धाडस मला होत नाही. पुढची जवळपास पंचवीस वर्षं त्याने तोच केला. शेवटचा, २३ फेब्रुवारी १७९१ रोजी, लेदरहेडला. २ मार्चला तो गेला तेव्हा मंडळांच्या वह्यांत सत्तर हजारांहून अधिक नावं होती.